नमद्याचं बस्कर

हेडमास्तरांनी मला फसवलं. माझं नमद्याचं बस्कर घेतलं, बदल्यात गोणपाटाचा तुकडा दिला, आणि वर माझ्याकडून वर्षानुवर्षं फुकट काम करून घेतलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझ्या हातून त्यांच्याबद्दल काही बरं लिहिलं गेलं तर वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको.

आमचं मूळ धारचं. पवारांच्या फौजेबरोबर आमचे पूर्वज माळव्यात आले ते घोड्यांची खोगिरं शिवायला. फौजा गेल्या, घोडे कमी झाले, शिवणारे हात मात्र तेवढेच राहिले. वडिलांमागे माझ्या वाट्याला आरी, रापी आणि दाभण एवढंच आलं. ते घेऊन मी देवासला आलो, दुसऱ्याच्या ओट्यावर बसून टांग्यांचे साज शिवले, आणि पुढे इंदूर-महूपर्यंत माल पाठवू लागलो. शाळेत मी गेलो नाही, लिहिणं-वाचणं वहीखात्यापुरतं माझं मीच शिकलो. भाव करणं हीच माझी शाळा. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आधी त्याच्या वहाणा पाहून तो कुठपर्यंत चढेल ते मला समजतं.

हेडमास्तरांच्या वहाणा मला कधीच समजल्या नाहीत. एका वहाणेचा अंगठा चामड्याचा आणि दुसरीचा सुतळीचा. मी म्हटलं, "द्या इकडे, आत्ता शिवून देतो."

"नको शेठ," ते म्हणाले, "सुतळीवाली बिचारी निमूट चालते आहे. तिला आत्ता नवा अंगठा दिला तर दुसरी म्हणेल, तुटल्याशिवाय इथे कुणी विचारत नाही. मग तीही तुटेल. शाळेत पाहतो ना मी रोज."

मला शेठ म्हणणारा गावात तो पहिला माणूस. बाकीचे जीनगर म्हणत. शेठ म्हणणाऱ्याला भावात सूट द्यावी लागते हे मला माहीत होतं, म्हणून मी पहिल्या दिवसापासून सावध होतो. त्या सावधपणाचा काही उपयोग झाला नाही.

उंच, वाळका माणूस. मानेत थोडा वाकलेला, जन्मभर बुटक्या दारांतून आत-बाहेर केल्यासारखा. कोकणातला. त्यामुळे हातात बाराही महिने छत्री. पण माळव्याच्या पावसाला ते पाऊस मानत नसत, म्हणून ती कधी उघडत नसत. तिने ते फळ्यावरचं अक्षर दाखवत, कुत्री हाकलत, झाडावरचे पेरू पाडत. शाळेत छडी नव्हती. बाहेरचे मास्तर त्यांना हसत. "छडीशिवाय शाळा म्हणजे लगामाशिवाय घोडा," असं मीच एकदा म्हणालो होतो. ते म्हणाले, "शेठ, लगाम तुम्ही विकता, म्हणून तुम्हाला तसं वाटणारच."

पोरगा खोटं बोलला की शिक्षा ठरलेली होती. अंगणातल्या कडुनिंबाचा पाला चावून खायचा. मात्र पोराबरोबर हेडमास्तरही तेवढाच पाला खात. का, तर म्हणे पोराला खरं बोलायची भीती वाटली यात अर्धा दोष मास्तरांचा. वर्षाच्या सुरुवातीला, नवी पोरं असताना, त्यांचं तोंड इतकं कडू असे की सकाळी बाजारात पोहे-जिलबी खाताना ते जिलबी दोनदा मागत. गावात नवे आले त्या वर्षी हेच गृहस्थ पोह्यांबरोबर गोड खाणाऱ्या आम्हा माळवेवाल्यांना नावं ठेवत होते.

आता देवासचं थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर माझी पहिली फसवणूक कळायची नाही. गाव एक, पण राजे दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. बाजारातला रस्ता मधे, रस्त्याच्या या अंगाला एका महाराजांचं राज्य आणि त्या अंगाला दुसऱ्यांचं. दोघांचे शिपाई वेगळे, कचेऱ्या वेगळ्या. इकडच्या गाढवाने तिकडचा भाजीपाला खाल्ला तर तो दोन राज्यांमधला मामला. शाळा थोरल्या पातीत होती. माझं दुकान आणि घर धाकट्या पातीत.

माझा मुलगा मराठी चौथी झाला तेव्हा मी ठरवलं की हा पुढे शिकेल. त्या दिवसांत माझ्याकडे इंदूरहून इंग्रजी तारा यायच्या आणि त्या वाचून घ्यायला मला पोस्टमास्तरच्या घरी ताटकळत बसावं लागे. तो तार वाचायच्या आधी दोनदा चष्मा पुसत असे. तेव्हा मुलगा शिकायलाच हवा होता. पण एक अडचण होती. आम्ही जीनगर. स्वतःला काहीही म्हणवून घेतलं तरी हाताला चामड्याचा वास. शाळेत जोशीबुवांचे नातू, कारकुनांची, मानकऱ्यांची मुलं. नाही म्हणायला शाळेला एक निमित्त पुरलं असतं. मी ठरवलं, निमित्त ठेवायचंच नाही. निदान 'तुम्ही पलीकडच्या पातीचे' हे तरी कुणी म्हणायला नको.

म्हणून मी बिऱ्हाडच हलवलं. रस्ता ओलांडून थोरल्या पातीत घर घेतलं भाड्याने. घरमालकाशी सकाळी घासाघीस सुरू केली ती दिवे लागेपर्यंत. हेडमास्तर येता-जाता पाहत होते. दुसऱ्या दिवशी सामान हललं. खोगिरांचे साचे, चामड्याचे गठ्ठे, भांडी, पाटा-वरवंटा. आमच्या मंडळींनी तुळशीचं वृंदावन दोन माणसांकडून उचलवलं आणि स्वतः पुढे चालल्या. ऊन रणरणत होतं. हेडमास्तर रस्त्यात उभे होते. त्यांनी छत्री उघडली आणि तुळशीवर धरून रस्ता ओलांडेपर्यंत बरोबर चालले. गावातल्या लोकांनी ती छत्री उघडलेली तेवढ्याच वेळी पाहिली.

आठवड्याने मी शाळेत गेलो. ताठ मानेने म्हटलं, "साहेब, आता आम्ही इकडचे. थोरल्या पातीचे."

"असं? छान," ते म्हणाले. "पण शाळा पाती विचारत नाही. दोन्हीकडची मुलं येतात."

मी खुर्चीवरून उठलोच. "मग मी बिऱ्हाड हलवत होतो तेव्हा तोंडाने बोलला का नाहीत? छत्री धरून बरोबर चाललात की."

"तुम्ही मला विचारलं नाहीत. आणि आदल्या दिवशी तुम्ही भाड्यावरून इतका सुरेख वाद घालत होता, मला मधे बोलवेना. शिवाय," त्यांनी आवाज खाली आणला, "मुलाला शाळेत घालायला बापाने आपलं राज्य सोडलं, असं माझ्या नोकरीत प्रथमच घडत होतं. ते मी कसं थांबवू?"

माझं डोकं फिरलं होतं. पण ज्याच्याकडे काम आहे त्याच्यावर चिडायचं ते काम झाल्यावर, हा धंद्याचा नियम आहे. मी बसलो.

मग सौदा सुरू झाला. ते शाळेच्या अपेक्षा सांगू लागले आणि मी कमी करायला लागलो. कमी करणं माझ्या जिभेलाच लागलेलं आहे, मला थांबवताच येत नाही.

"मुलाने रोज यायचं," ते म्हणाले.

"हाटाच्या दिवशी नाही. हाटाला मला गल्ल्यावर माणूस लागतो."

"बरं, हाटाच्या दिवशी अर्धी शाळा."

मी मनात खूश झालो. ते पुढे म्हणाले, "पण त्या अर्ध्या दिवशी मग तुम्हीही यायचं. मागे बसायचं."

"मी कशाला?"

"तो अर्धा दिवस चुकवणार, म्हणजे कुणीतरी भरून द्यायला नको? तुम्ही धंदेवाले, तुम्हाला सांगायला नको."

मी म्हटलं, "मग राहू द्या. हाटालाही पूर्ण दिवस पाठवीन."

"उत्तम. घरी अभ्यासावरून मारायचं नाही."

"साहेब, माझा हात जरा सैल आहे. कधीमधी एखादी चापट चालेल?"

"चालेल. पण मारल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन मला सांगायचं, कशाबद्दल मारली ते. सगळ्या वर्गापुढे."

"नाही मारत."

असं चाललं होतं. मी जितकं खाली ओढावं तितकं ते वर जात. आयुष्यात उलटा भाव करणारा दुकानदार मी पाहिला नव्हता. शेवटी घामाघूम होऊन मी त्यांच्या सगळ्या अटींवर हो म्हणून बसलो होतो, आणि आपण जिंकलो असं मला का वाटत होतं हे मला आजवर कळलेलं नाही.

"आता एक राहिलं," ते म्हणाले. "बसायला बस्कर घरून आणायचं. घरात असेल त्यातलं चांगलं आणा. सभेच्या दिवशी तुम्ही दोघे नवराबायको मुलाला घेऊन या, आणि बस्कर घेऊन या."

"परत मिळेल?"

"मुलगा शाळा संपवील त्या दिवशी मागायला या. तुमचं आहे."

हे वाक्य मी पक्कं लक्षात ठेवलं. तुम्हीही ठेवा.

घरी येऊन मी बस्कर शिवायला बसलो. दुकानाची कामं बाजूला ठेवली. खाली तागाचं अस्तर, वर खारवा म्हणजे जाडंभरडं लाल कापड, मधे खोगिरात घालतात तो जाड दाबलेल्या लोकरीचा नमदा. दुहेरी टाका. आणि बस्कर आधी कोपऱ्यात फाटतं, म्हणून चारी कोपऱ्यांना मऊ बकऱ्याचं चामडं लावलं. दरबारच्या घोड्याला मी इतकं निगुतीने शिवलं नव्हतं. माझा मुलगा कुणाहून कमी नाही हे त्या पोरांना बसल्या जागी दिसावं, एवढाच माझा हेतू होता. चामड्याचा विचार माझ्या मनात आला नाही. चामडं आमच्या घरात भाकरीसारखं. भाकरी कुणाला खटकेल असं कुणाच्या मनात येतं का?

सभा अंगणात, निंबाखाली. नव्या मुलांचे आई-बाप दरवर्षी तिथे जमत. आया आल्या नाहीत तर हेडमास्तर सभाच सुरू करत नसत. "मूल दोघांचं आणि शाळेचा निर्णय एकट्या मिशांचा, हे मला पटत नाही," असं म्हणत. बायका ओसरीत बसल्या, पुरुष खाली. दरबारचे जोशीबुवा नातवाला घेऊन आले होते. बदनावरचे एक धान्याचे व्यापारी होते, घरी मालवी बोलणारे, पोराला इथे मामाकडे ठेवणार होते. गंधवानीकडच्या जंगलात नाकेदार असलेला एक गरीब गृहस्थ होता, त्याच्या मुलाच्या काखेत गोणपाटाचा तुकडा.

हेडमास्तरांनी भाषण असं केलंच नाही. म्हणाले, "ही शाळा कशासाठी नाही ते आधी सांगतो. इथून निघालेला मुलगा मामलेदार होईल असं मी सांगू शकत नाही. होईल तर तो त्याचा पराक्रम, माझ्या नावावर मांडू नका. इथे मराठी चालते, हिंदी चालते, मालवी चालते, इंग्रजी आम्ही शिकवू. शिवी चारींपैकी कुठल्याच भाषेतली चालत नाही. ज्याला तक्रार असेल त्याने खुशाल यावं, पण आधी एक तास वर्गात मागे बसावं, मग बोलावं. आणि खोगीरभरती आम्ही करत नाही."

मी तिथेच हात वर केला. "साहेब, खोगीराची भरती चांगली नसली तर घोड्याची पाठ सोलते. भरती म्हणजे कचरा असं शिकलेले लोक समजतात. एकदा नुसत्या लाकडावर बसून पाहा."

लोक हसले. हेडमास्तरांनी मला वाकून नमस्कार केला. "चुकलो शेठ. तर मग आम्ही खोगीरभरतीच करतो, पण चांगल्या नमद्याची." मला तेव्हा कळायला हवं होतं की हा माणूस मला हेरतो आहे.

मग ते म्हणाले, "बस्करं आणा."

प्रत्येक बापाने आपल्या मुलाचं बस्कर अंगणात मधोमध टाकलं. सतरंजीचे तुकडे, चटया, कुणाची घोंगडी, कुणाचा जरीकाठाचा गालिचा. हेडमास्तरांनी छत्रीने तो सगळा ढीग ढवळला, आमटी ढवळावी तसा. "आता मुलांनो, प्रत्येकाने एक उचला. आपलं सोडून. वर्षभर त्यावर बसायचं, आणि ज्याचं असेल त्याला सांभाळून परत द्यायचं. पुढच्या वर्षी पुन्हा ढीग. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आत्ताच मुलाला आणि बस्कराला घरी न्यावं. राग नाही."

शाळेचं म्हणून जे काही सांगायचं ते एवढंच होतं. बाकी सगळं नंतर आपोआप कळे.

मुलं धावली. गालिचा गेला, घोंगडी गेली, चटया गेल्या. जोशीबुवांचा नातू माझ्या बस्कराकडे गेला. लाल खारव्याने त्याचा डोळा धरला असणार. त्याने हात घातला आणि बुवा बसल्या जागेवरून म्हणाले, "थांब. कोपऱ्याला काय आहे ते?"

"चामडं," कुणीतरी म्हणालं.

नातवाचा हात तिथेच राहिला. दोन बापांनी आपापल्या मुलांना मागे खेचलं. माझं बस्कर तिथे पडलेलं, शेजारी गंधवानीचं गोणपाट, आणि त्या दोघांपुढे उभा माझा मुलगा. तो गोणपाट उचलत नव्हता. माझ्याकडे पाहत होता. मी म्हणेन ते तो करणार होता. घरी चल म्हटलं असतं तर त्याच पावली आला असता, आणि मग पुन्हा कधी शाळेच्या दिशेला पाहिलं नसतं. मला तो चांगला माहीत होता.

माझे कान तापले. एखाद्या गिऱ्हाइकाने माल हातात न घेता नाक मुरडलं की माझं जे होतं तेच झालं. मी हेडमास्तरांकडे पाहिलं. हा माणूस आता दोन शब्द बोलेल, बुवांना समजावेल असं वाटलं. ते निंबाला टेकून उभे होते, छत्रीवर दोन्ही हात ठेवून. माझ्याकडे अशा नजरेने पाहत होते की जणू तेच गिऱ्हाईक आहेत आणि मी अजून दुकान उघडलेलं नाही.

मग मी उठलो आणि दुकान उघडलं.

"या," मी म्हटलं, "लांबून काय पाहता? हे गोणपाट नव्हे, नमदा आहे. दाबून पाहा. दाबलं की खाली जातो, सोडलं की वर येतो. याच्यावर दिवसभर बसा, संध्याकाळी पाय झोपलेले नसतील. टाका दुहेरी आहे, ओढा. भिऊ नका, ओढा. कोपऱ्याला चामडं का लावलं? बस्कर कोपऱ्यात फाटतं म्हणून. या कोपऱ्याला उंदराने दात लावला तर दात इथे ठेवून जाईल. असला माल मी घोड्यालाही दिलेला नाही, आणि माझे घोडे कुणाचे ते सगळ्यांना ठाऊक आहे."

बदनावरच्या व्यापाऱ्याने सवयीने बोटांत धरून कापड चोळलं. "माल तो चोखो है, भिया," तो म्हणाला.

"भाव काय?" हेडमास्तर निंबाजवळून ओरडले.

"भाव नाही," मी म्हणालो. "उचलेल त्याचं."

हे शब्द माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा गेले. ते मी बोललो नाही, त्या माणसाने माझ्याकडून काढून घेतले.

जोशीबुवा हट्टी नव्हते, सवयीचे होते. ते म्हणाले, "माल चांगला आहे हो, पण चामडं ते चामडं."

ओसरीतून आमच्या मंडळींचा आवाज आला. चारचौघांत त्या सहसा बोलत नसत. "अहो, बुवांना विचारा की, रोज सोवळ्यात पूजेला बसतात ते कशावर?"

बायका आधी हसल्या. मग पुरुष. बुवा हरणाच्या कातड्यावर बसतात हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"मृगाजिनाची गोष्ट वेगळी," बुवा म्हणाले. "ते शास्त्रात आहे."

"मग हे आपण भूगोलात घालू," हेडमास्तर म्हणाले. "बकरी माळव्यातली आहे."

आता बुवांनाही हसू आवरेना. ते मान हलवत राहिले, नको म्हणत की हो म्हणत ते कळेना, आणि तेवढ्यात नातवाने बस्कर उचलून पोबारा केला. मागे दुसरी दोन पोरं, त्यांनाही तेच हवं होतं. माझ्या मुलाने पटकन गोणपाट काखेला मारलं आणि जाऊन जोशीबुवांच्या नातवाशेजारी बसला. गोणपाटाला मोहाच्या फुलांचा वास येत होता, असं तो घरी आल्यावर म्हणाला. वर्षभर तो वास घरात होता.

तर असं माझं बस्कर गेलं. जगातला पहिला व्यापारी असेन मी, ज्याने आपला सगळ्यात उत्तम माल ओरडून ओरडून फुकट खपवला.

इथे प्रकरण मिटलं असतं. पण पुढच्या वर्षी हेडमास्तर दुकानाच्या पायरीवर येऊन उभे. "शेठ, उद्या सभा आहे."

"माझा मुलगा आहे की शाळेत. मला काय सभेचं?"

"दुकान मांडायला या. मी सांगतो तेव्हा लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन विसरतात. तुम्ही सांगितलं की ते भाव करतात. भाव केलेली गोष्ट माणूस विसरत नाही."

मी नाही म्हटलं. मोबदला काय, विचारलं. ते म्हणाले, मोबदल्यात तुम्हाला सभेत सगळ्यांत शेवटी बोलू देईन. मी म्हटलं, शेवटी नको, आधी. ते म्हणाले, ठीक, आधीही आणि शेवटीही. मी पुन्हा फसलो होतो.

त्यानंतर दरवर्षी नव्या मुलांच्या आई-बापांना शाळेची ओळख करून दिली ती मी. शाळेचा माल मी माझ्या ओट्यावरच्या मालासारखा मांडला. "इथे मारत नाहीत. ज्याला मारलेला मुलगा हवा असेल त्याने दुसरं दुकान पाहावं." "दोन्ही पात्यांची पोरं एका ओळीत बसतात. रस्ता बाहेर, आत रस्ता नाही." "बापाने महिन्यातून एकदा मागे बसायचं. सूट नाही, मी मागून पाहिली आहे." लोक भाव करत, मी भाव चढवत असे. उलटा भाव कसा करायचा ते तोवर मला येऊ लागलं होतं.

तक्रारीचा नियम कसा चालतो तेही मी पाहिलं. बदनावरचा तो व्यापारी एकदा पोराला काहीच येत नाही म्हणून तावातावाने आला. "मास्टरजी, म्हारा छोरा के कईं नी आवे."

"बसा मागे," हेडमास्तर म्हणाले.

गणिताचा तास होता. व्यापारी बसला, दहा मिनिटांत डुलू लागला, मग घोरू लागला. मास्तरांनी प्रश्न विचारला आणि त्याच्याच मुलाने उठून उत्तर दिलं, ते बरोबर निघालं. मुलं टाळ्या वाजवू लागली तेव्हा हा जागा झाला. बाहेर येऊन मला म्हणाला, "छोरो तो म्हारा से होसियार है, भिया." तक्रार त्याने काय केली, ते तोच विसरला.

माझा मुलगा मॅट्रिक झाला. आता इंदूरच्या तारा घरीच वाचल्या जात होत्या. निकाल कळला त्या दिवशी पेढे घेऊन मी शाळेत गेलो. पेढे दिले, हात जोडले, आणि म्हटलं, "साहेब, आता माझं बस्कर."

"तुमचंच आहे," ते म्हणाले. "चला."

ते मला खालच्या वर्गात घेऊन गेले. माझं बस्कर खिडकीजवळ होतं. खारवा विटला होता, पण नमदा तसाच भरलेला. त्याच्यावर उदयनगरच्या जंगलाकडून आलेला एक नवा मुलगा बसला होता, पाटीवर वाकून काहीतरी सोडवत होता.

"उठवा त्याला," हेडमास्तर म्हणाले, आणि छत्रीवर हात ठेवून उभे राहिले. तीच नजर.

मी जवळ गेलो. मुलाने वर पाहिलं. माझा हात बस्कराच्या कोपऱ्याकडे गेलेला पाहून त्याचा चेहरा उजळला. "काकाजी, तुम्हीच का याचे शिवनेवाले?" त्याने विचारलं. "बरं झालं आलात. या बाजूचा टाका थोडा निघालाय. मी रोज आत दाबून ठेवतो, अजून पसरू नाही दिला."

जीनगराच्या पागोट्यात दाभण-दोरा असतोच. मी खाली बसलो. मुलगा उठून उभा राहिला, मी तो कोपरा उलटा करून शिवला, गाठ मारली, दाताने दोरा तोडला. मुलगा पुन्हा बसला आणि पाटीवर वाकला. मी मागायला गेलो होतो आणि फुकट दुरुस्ती करून आलो.

दाराशी हेडमास्तर म्हणाले, "पुढच्या वर्षी मागा. तुमचंच आहे."

पुढच्या वर्षी मी मागितलं नाही. पण माझं आहे हे मी सोडलेलं नाही. दरवर्षी सभेच्या दिवशी ढिगात ते दिसे, आणि कोण उचलतो ते मी पाहत असे. कुणी उचललं की मी त्याच्या बापाला बाजूला घेऊन सांगत असे, कोपरे तपासत जा, टाका निघाला तर दुकानी पाठवा.

हेडमास्तर पेन्शनीत निघाले तेव्हा स्टेशनवर अर्धं गाव होतं, दोन्ही पात्यांचं. मी त्यांच्या दोन्ही वहाणांना नवे अंगठे घालून दिले होते. एकाच वेळी, एकाच चामड्याचे, म्हणजे त्यांना काही बोलायला जागा उरू नये. ते म्हणाले, "शेठ, किती द्यायचं?" मी म्हटलं, "भाव नाही." ते इतके हसले की गार्ड शिट्टी वाजवायचा थांबला. कोकणात जाऊन ते थोड्याच वर्षांत वारले. पत्र आलं त्या दिवशी मी निंबाचा पाला चावून खाल्ला. का ते विचारू नका.

आता या पत्राचा मूळ मुद्दा. यंदा शाळेने बाकं आणली. चांगली आहेत, लाकूड सागाचं आहे, मी हात फिरवून पाहिलं. पण बाकावर प्रत्येक मुलाची जागा ठरली आहे. पहिल्या दिवशी कोण कुठे तेच वर्षभर कोण कुठे. जोशांचे नातू पुढे, नाकेदारांचे मागे. सभा झाली, आई-बाप आले, नवे हेडमास्तर म्हणून तुम्ही छापील कागद वाचून दाखवलात, त्यात शिस्तीचा आणि उज्ज्वल भविष्याचा उल्लेख होता. मी दाभण-दोरा घेऊन पुढे बसलो होतो. ढीग नव्हता. बस्करं कुठे गेली, विचारलं. कारकून म्हणाला, अडगळीत असतील. अडगळीत नाहीत, मी पाहिलं.

तर साहेब, माझं बस्कर कुठे आहे? ज्याच्या खुर्चीवर तुम्ही बसला आहात त्याने मला शब्द दिला होता की ते माझं आहे. तो शब्द खुर्चीबरोबर तुमच्याकडे आला. बस्कर सापडत नसेल तर तसं सांगा, दुसरं शिवतो, चारी कोपऱ्यांना चामडं लावून. पण मग पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी ते टाकायचं कुठे आणि उचलायचं कुणी, हे तुम्ही मला सांगायचं.

आणि तक्रार करणाऱ्याने आधी एक तास मागे बसायचं असतं, हे मला कुणी शिकवू नये. मी काल बसून आलो, तुमच्या शेवटच्या बाकावर, इतिहासाचा अख्खा तास. बाक कडक आहे, माझे पाय झोपले. आता उत्तर द्या.